गाडीतल्या इथरनेटचा डेटा लॉग करताना: नाशिकच्या नव्या टेस्ट इंजिनिअरांसाठी

अंबड, सातपूर, सिन्नर या पट्ट्यात गाडीच्या नेटवर्कवर काम सुरू करणारे बहुतेक जण आधी कॅन (गाडीतली जुनी, दोन तारांची नेटवर्क-बस) शिकलेले असतात. कॅनच्या दोन तारांना लॉगरच्या दोन तारा जोडल्या आणि बॉड रेट बरोबर टाकला की मेसेज दिसायला लागतात. ऐकणारा एक वाढला म्हणून बसचं काही अडत नाही. हीच सवय घेऊन गाडीतल्या इथरनेटच्या जोडीला हात लावला तर हाती काहीच येत नाही. उलट चालू असलेली लिंक तुटते आणि डॅशबोर्डवर दिवे लागतात.

याचं कारण तारेतच आहे. गाड्यांमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारं १००बेस-टी१ (आयईईईचं ८०२.३बीडब्ल्यू हे २०१५ चं मानक) पिळलेल्या एकाच जोडीवर चालतं, आणि त्या जोडीवर दोन्ही टोकं एकाच वेळी बोलत असतात. प्रत्येक टोक आलेल्या सिग्नलमधून स्वतः पाठवलेला भाग वजा करतं आणि उरलेलं ऐकतं. मध्येच तार टोचून बसलेल्याला फक्त दोघांची बेरीज मिळते. कोणी काय पाठवलं हे त्याला ठाऊक नसल्यामुळे ती बेरीज सोडवता येत नाही. २०१६ चं १०००बेस-टी१ही असंच चालतं. म्हणून लॉगिंग करायचं तर तार मध्ये तोडून तिथे एक उपकरण बसवावं लागतं. त्याला टॅप म्हणतात. ते एका बाजूची फ्रेम (डेटाचं एक पाकीट) ऐकतं, तिची एक प्रत ठेवतं आणि दुसऱ्या बाजूला पुढे पाठवतं. थोडक्यात, लॉगिंगचं हार्डवेअर त्या नेटवर्कचाच एक भाग होतं. सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे मनात पक्कं बसलं पाहिजे, कारण पुढची प्रत्येक सेटिंग यातूनच येते.

एक अपवाद आहे. २०१९ च्या ८०२.३सीजी मानकातलं १०बेस-टी१एस हे एकाच जोडीवर अनेक ईसीयू (गाडीतले छोटे नियंत्रक संगणक) टांगणारं आणि एका वेळी एकालाच बोलू देणारं इथरनेट आहे. तिथे कॅनसारखं बाजूला बसून ऐकता येतं. पण तुमच्या हातात येणारी गाडी बहुधा १०० किंवा १००० वालीच असेल, म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

पायरी १: नेटवर्कचा नकाशा कागदावर काढा

कोणता ईसीयू कोणत्या स्विचच्या (फ्रेम योग्य पोर्टकडे वळवणाऱ्या उपकरणाच्या) कोणत्या पोर्टला जोडलाय, त्या लिंकचा वेग किती, दोन टोकांपैकी मास्टर कोण, कोणते व्हीलॅन (एकाच तारेवरचे वेगवेगळे आभासी गट) वापरलेत आणि नेटवर्कचं मुख्य घड्याळ कोणत्या ईसीयूत आहे, एवढं लिहून काढा. ही माहिती नेटवर्क डिझाइन करणाऱ्या टीमकडे असते. ती मागायला संकोच करू नका. अंदाजाने सुरुवात केली की दिवस गाडीच्या ट्रिम उघडण्यात जातो.

त्याच कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘कॅमेऱ्याचं चित्र उशिरा का येतं’ यासाठी लागणारं लॉगिंग आणि ‘डायग्नोस्टिकचं सेशन मध्येच का तुटतं’ यासाठीचं लॉगिंग यांत जागा, साठा, फिल्टर सगळंच वेगळं असतं. सगळ्या लिंक, सगळा वेळ रेकॉर्ड करायचा मोह टाळा. साठ्याचा हिशोब पुढे दिलाय, तो पाहिलात की मोह आपोआप कमी होईल.

पायरी २: टॅप की मिरर पोर्ट?

स्विचचा एखादा रिकामा पोर्ट दिसला की लॅपटॉप तिथे लावायचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. पण स्विच एका ईसीयूची दुसऱ्यासाठीची फ्रेम फक्त त्याच्याच पोर्टवर सोडतो. रिकाम्या पोर्टवर तुम्हाला ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टचा काही भाग मिळेल, मूळ संवाद मिळणार नाही. शिवाय लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःहून आयपी पत्ता मागणं, शेजारी शोधणं असले मेसेज गाडीच्या नेटवर्कवर टाकत राहते ते वेगळंच.

मिरर पोर्ट म्हणजे स्विचला सांगून दुसऱ्या पोर्टांची प्रत एका पोर्टवर काढणं. तार तोडावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण १०० मेगाबिटच्या एका लिंकचीच जाणारी आणि येणारी वाहतूक मिळून २०० मेगाबिट होऊ शकते, आणि मिरर पोर्ट १०० चाच असेल तर उरलेलं स्विच गुपचूप टाकून देतो. फ्रेम मिरर पोर्टवर नेमकी कधी पोचली यावरही स्विचच्या आतल्या रांगेचा परिणाम होतो. त्यामुळे वेळेचा प्रश्न असेल तर मी टॅपच निवडेन. मिरर पोर्ट ‘कोण कोणाशी बोलतंय’ एवढी पहिली ओळख करून घ्यायला पुरेसा आहे.

टॅपलाही किंमत आहेच. तो मध्ये बसल्यामुळे थोडा उशीर वाढतो, आणि त्याची वीज गेली तर लिंक तुटू शकते. काही टॅपमध्ये वीज गेल्यावर दोन्ही बाजू थेट जोडणारा रिले असतो. तुमच्यात तो आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा एडासशी (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेशी) संबंधित लिंकवर टॅप बसवला असेल तर पहिली चाचणी बंद आवारातच घ्या, आणि टीममधल्या सेफ्टी बघणाऱ्या माणसाला आधी सांगा.

तार तोडून जोडताना साध्या सुट्या वायरी आणि स्क्रूचे कनेक्टर वापरू नका. १०० ओहमच्या पिळलेल्या जोडीचाच ब्रेकआउट हार्नेस बनवून घ्या आणि कनेक्टरपाशी पीळ कमीत कमी उलगडा. १००बेस-टी१ ची मर्यादा १५ मीटरची आहे. टॅप मध्ये आल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंची केबल स्वतंत्र लिंक म्हणून मोजायची, त्यामुळे लांबीची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती कच्च्या जोडणीमुळे.

पायरी ३: मास्टर, स्लेव्ह आणि वेग

घरच्या राउटरला केबल लावली की दोन्ही टोकं आपापसांत बोलून वेग ठरवतात. गाडीतल्या १००बेस-टी१ मध्ये असं ठरवाठरवीचं काम नसतं. वेग आधी ठरलेला असतो, आणि एक टोक मास्टर व दुसरं स्लेव्ह हेही आधीच ठरलेलं असतं. मास्टर घड्याळाचा ठोका देतो, स्लेव्ह त्याला जुळवून घेतो. दोन्ही मास्टर किंवा दोन्ही स्लेव्ह झाले तर लिंक उभी राहत नाही.

टॅपला दोन पोर्ट आहेत, म्हणून भूमिकाही दोन लावायच्या. समजा, गेटवे मास्टर आहे आणि कॅमेरा स्लेव्ह. गेटवेकडे तोंड असलेला टॅपचा पोर्ट स्लेव्ह करा, कॅमेऱ्याकडचा पोर्ट मास्टर करा. टॅपने प्रत्येक बाजूला समोरच्या जुन्या सोबत्याचीच भूमिका घ्यायची, हे सूत्र लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

लिंक येत नसेल तर हा क्रम धरा: भूमिका, वेग, मग जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल. काही चिप उलटी जोडणी स्वतः ओळखून सुधारतात, सगळ्या नाही. शेवटी कनेक्टर. लिंकचा दिवा लागला म्हणजे काम झालं असं धरू नका. हार्डवेअर सिग्नल क्वालिटीचा आकडा आणि चुकीच्या सीआरसीच्या (चूक पकडणाऱ्या तपासणी-आकड्याच्या) फ्रेम मोजत असेल तर ते आकडे वाचा. इंजिन चालू करून, एसी लावून पुन्हा वाचा.

पायरी ४: काय, किती आणि कशात साठवायचं

आधी हिशोब. १०० मेगाबिट म्हणजे एका दिशेला सेकंदाला १२.५ मेगाबाइट, दोन्ही दिशा मिळून २५. तासाला ९० गिगाबाइट. गिगाबिटची लिंक दोन्ही दिशांनी भरून वाहिली तर तासाला ९०० गिगाबाइट. प्रत्यक्षात लिंक क्वचितच इतकी भरते, पण कॅमेऱ्याची लिंक एका दिशेने बरीच भरलेली असते. ‘व्ही३०’ छापलेलं मेमरी कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी देतं. म्हणजे १०० मेगाबिटच्या एका पूर्ण भरलेल्या लिंकलाच ते जेमतेम पुरतं. त्यापुढे एसएसडी लागते. आणि तिचा जाहिरातीतला वरचा वेग बघू नका, कॅश भरल्यानंतर टिकणारा वेग बघा.

आकार कमी करायचा तर फिल्टर लावता येतात, पण नवख्याचा पहिला लॉग फिल्टरशिवायच असावा. नेटवर्कवर काय काय वाहतंय ते एकदा पूर्ण बघितल्याशिवाय काय गाळायचं हे कळत नाही. नंतर कॅमेऱ्याचा प्रवाह गाळायचा असेल तर फ्रेम पूर्ण टाकून देण्यापेक्षा तिचे पहिले १२८ बाइट ठेवा. क्रमांक आणि वेळ हाती राहतात, चित्र तेवढं जातं. वेळ जुळवणाऱ्या जीपीटीपीच्या फ्रेम आणि सेवांची घोषणा करणाऱ्या सम-आयपी सर्व्हिस डिस्कव्हरीच्या फ्रेम कधीच गाळू नका. पहिलीचा इथरटाइप ०x८८एफ७, दुसरी सहसा यूडीपीच्या ३०४९० पोर्टवर असते. डायग्नोस्टिकसाठी डीओआयपी (इथरनेटवरून चालणारं डायग्नोस्टिक) बघायचं असेल तर पोर्ट १३४००.

इथे नवीन माणूस हमखास अडकतो अशी एक जागा आहे. पीकॅप पद्धतीच्या कॅप्चर फिल्टरमध्ये नुसतं ‘यूडीपी पोर्ट ३०४९०’ लिहिलं तर व्हीलॅनचा टॅग असलेल्या फ्रेम त्यात बसत नाहीत, कारण टॅगमुळे पुढची सगळी जागा ४ बाइटांनी सरकते. गाडीतली बरीच वाहतूक व्हीलॅनमध्येच असते. फाइल रिकामी येते आणि तार तपासण्यात अर्धा दिवस जातो. फिल्टरमध्ये व्हीलॅनची अट आधी लिहा. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचाही असाच एक स्वभाव आहे: काही ड्रायव्हर व्हीलॅनचा टॅग काढून टाकून फ्रेम वर देतात, आणि सीआरसी चुकलेली फ्रेम तर कार्ड बहुतेकदा खालीच फेकून देतं. ज्या बिघाडाच्या शोधात तुम्ही निघालात तोच तिथे गायब होतो. म्हणून लॅपटॉपवर थेट कॅप्चर करण्यापेक्षा चुकलेल्या फ्रेमही ठेवणारं लॉगिंग हार्डवेअर वापरा.

टॅप पकडलेला डेटा टीईसीएमपी किंवा एएसएएम सीएमपी अशा वेष्टनात घालून लॉगरकडे किंवा लॅपटॉपकडे पाठवत असेल तर घेणाऱ्या बाजूला जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठ्या फ्रेम घेण्याची सोय) चालू करा. मूळ फ्रेम १५२२ बाइटांपर्यंत असते. तिच्यावर वेष्टन चढलं की नेहमीच्या मर्यादेत ती मावत नाही, आणि नेमक्या मोठ्या फ्रेम तेवढ्या हरवतात. लहान फ्रेम नीट दिसत असतात, त्यामुळे हा दोष उशिरा लक्षात येतो.

फाइलचा प्रकार कोणता? फक्त इथरनेट असेल तर पीकॅपएनजी, कारण ती वायरशार्क या फ्रेम वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडते. सोबत कॅन आणि लिनही (कॅनहून साधी, हळू बस) असेल तर एमडीएफ४ हा मोजमापांच्या डेटाचा फाइल-प्रकार घ्या. मोठी एकच फाइल करू नका. ५०० मेगाबाइटचे तुकडे ठेवा. वीज अचानक गेली तर एक तुकडा बिघडतो, बाकीचे वाचतात. कार्ड एफएटी३२ असेल तर ४ गिगाबाइटच्या वर फाइल जातच नाही, हेही ध्यानात असू द्या. क्वचित होणाऱ्या बिघाडासाठी रिंग बफर (जुनं पुसत नवं लिहिणारा साठा) आणि ट्रिगर (घटना घडली की साठवायचा इशारा) वापरा, आणि ट्रिगरच्या आधीचा निदान एक मिनिट राखा. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा त्या आधीच्या मिनिटात असतं.

पायरी ५: घड्याळ

लॉगमधला सगळ्यांत महाग आकडा म्हणजे वेळ. फ्रेम हरवली तर निदान कळू शकतं. चुकलेली वेळ मात्र बरोबर असल्यासारखीच दिसते.

पहिली गोष्ट, वेळेचा शिक्का हार्डवेअरमध्येच पडला पाहिजे. लॅपटॉपने मारलेला शिक्का ऑपरेटिंग सिस्टिमच्या सवडीने पडतो. दुसरी, टाइमबेस कोणता ते ठरवा. जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. जीपीटीपी ज्या टीएआयवर (अणुघड्याळांच्या आंतरराष्ट्रीय वेळेवर) आधारलंय ती २०१७ पासून यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. आपली भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. दोन लॉगमध्ये नेमका १८, १९ किंवा ३७ सेकंदांचा किंवा साडेपाच तासांचा फरक दिसला तर बिघाड शोधू नका, सेटिंग बघा. लॉगरमध्ये यूटीसीच ठेवा. वायरशार्क दाखवताना स्थानिक वेळ करून देतो. काही गाड्यांत मुख्य घड्याळ इग्निशन चालू होताना शून्यापासून सुरू होतं. लॉगर त्याला बांधला असेल तर फाइलवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसते. ती शून्याची भारतीय वेळ आहे.

लॉगरचं घड्याळ कशाला बांधायचं, जीपीएसला की गाडीच्या जीपीटीपीला? माझी पसंती अशी: लॉगर जीपीएसवर ठेवा आणि जीपीटीपीच्या फ्रेम रेकॉर्ड करा. मग गाडीची वेळ नंतर काढता येते, आणि गाडीचं घड्याळच बिघडलं असेल तर तेही दिसतं. लॉगर गाडीच्याच घड्याळाला बांधला तर घड्याळाचा बिघाड लॉगमध्ये कधीच उमटणार नाही.

आता नाशिकच्या रस्त्यांचा विचार करा. सिन्नरजवळून समृद्धीवर चढून मुंबईकडे निघालात की इगतपुरीपाशी सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा येतो. ताशी १०० च्या वेगाने जवळजवळ पाच मिनिटं जीपीएस मिळत नाही. लॉगरच्या आतल्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० भाग धरली तर तेवढ्या वेळात घड्याळ ६ मिलिसेकंद सरकतं. एकाच लॉगरमध्ये कॅन आणि इथरनेट दोन्ही असतील तर दोघं एकत्रच सरकतात, काही बिघडत नाही. पण मागच्या गाडीत दुसरा लॉगर असेल किंवा संदर्भाचा कॅमेरा वेगळ्या घड्याळावर असेल तर ते ६ मिलिसेकंद महत्त्वाचे ठरतात. त्याहून वाईट म्हणजे बोगद्याबाहेर आल्यावर घड्याळ एकदम उडी मारून दुरुस्त होणं. मग वेळ मागे गेल्यासारखी दिसते आणि फ्रेमचा क्रम उलटापालटा होतो. सेटिंगमध्ये दुरुस्ती हळूहळू करण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, आणि जीपीएस गेल्याची व आल्याची नोंद लॉगमध्ये ठेवायला सांगा. खरं तर हा बोगदा चाचणीच्या मार्गावर मुद्दाम घ्यावा. वेळेची सेटिंग किती पक्की आहे ते तिथेच कळतं.

टॅपमुळे होणारा एक बारीक त्रास इथेच सांगतो. जीपीटीपी दोन शेजाऱ्यांमधला तारेचा उशीर सतत मोजतं. जीपीटीपीच्या ८०२.१एएस या मानकात तांब्याच्या नेहमीच्या लिंकसाठी या उशिराची मर्यादा ८०० नॅनोसेकंद दिली आहे. टॅपने त्याहून जास्त उशीर घातला तर काही ईसीयू शेजारी वेळ जुळवायच्या लायकीचा नाही असं ठरवतात आणि वेळ घेणं थांबवतात. टॅप लावल्यावरच कॅमेरा बिथरला, काढल्यावर नीट झाला, असं दिसलं तर आधी हेच तपासा. जीपीटीपी समजणारा किंवा कमी उशिराचा टॅप हा त्यावरचा उपाय.

पायरी ६: वीज आणि ऊन

लॉगरला बॅटरीची थेट लाइन द्या, योग्य फ्यूज टाकून. इग्निशनची लाइन फक्त जागं व्हायचा आणि झोपायचा इशारा म्हणून जोडा. केवळ इग्निशनवर चालवला तर दोन नुकसानं होतात. लॉगर सुरू व्हायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात ईसीयूंनी केलेल्या सेवांच्या पहिल्या घोषणा निसटतात आणि नंतरची पाकिटं कोणत्या सेवेची हे लावणं अवघड जातं. शिवाय चावी बंद होताक्षणी वीज गेली की शेवटची फाइल नीट बंद होत नाही. स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली जातो, त्या क्षणी लॉगर रिसेट होतो का तेही बघा. आणि सगळं झोपल्यावर लॉगर किती करंट खातो ते मोजा, नाहीतर सोमवारी सकाळी गाडी सुरू होणार नाही.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान त्याहून कितीतरी वर चढतं. साध्या एसएसडी ७० अंशांपर्यंतच्या असतात, तापल्या की वेग कमी करतात आणि फ्रेम सुटायला लागतात. लॉगर डॅशबोर्डवर ठेवू नका. सीटखाली, वारा खेळेल असा पट्ट्याने बांधा.

पायरी ७: बेंचवर खात्री

रस्त्यावर जाण्याआधी टेबलावर दोन टोकं घ्या, मध्ये टॅप लावा आणि मोजून ठरवलेल्या संख्येने फ्रेम पाठवा. पाठवल्या तितक्याच फाइलमध्ये आल्या पाहिजेत. मोठ्या फ्रेमने एकदा आणि ६४ बाइटांच्या लहान फ्रेमने एकदा, असं दोन्ही करा. १०० मेगाबिटवर लहान फ्रेम सेकंदाला १,४८,८०९ पर्यंत जातात. बाइट तेवढेच असले तरी फ्रेमची संख्या वाढली की लॉगर दमतो.

लॉगमध्ये टीसीपी असेल तर वायरशार्कच्या दोन खुणा वेगळ्या ओळखायला शिका. मधला तुकडा पकडलेला नाही असं दिसलं आणि समोरच्याने त्याच तुकड्याची पोच दिलेली असेल, तर तुकडा नेटवर्कवर पोचला होता, तुमच्या लॉगरने गमावला. पोच नाही आणि तुकडा पुन्हा पाठवला गेला, तर नेटवर्कचाच दोष. यूडीपीत पोच नसते. तिथे सम-आयपीचा सेशन क्रमांक किंवा व्हिडिओ प्रवाहातला अनुक्रमांक सलग आहे का ते बघा, आणि लॉगरचा स्वतःचा ड्रॉप काउंटर (सुटलेल्या फ्रेमची मोजणी) शून्य आहे का तेही.

पायरी ८: रस्त्यावर आणि परत आल्यावर

चालवणारा आणि लॉग बघणारा अशी दोन माणसं हवीतच. सुरुवातीला अंबडच्या आवारात दहा मिनिटांचा छोटा लॉग घ्या, तिथेच उघडून बघा, मग घाटाकडे निघा. घटना घडली की ट्रिगरचं बटण दाबा आणि जागा तोंडी सांगून कागदावर लिहून घ्या. ‘द्वारकेच्या सिग्नलनंतर, उड्डाणपुलाआधी’ एवढं लिहिलेलंही नंतर पुष्कळ कामी येतं.

कॅमेऱ्याच्या प्रवाहात रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर याकडे अधिकच काळजीने बघायला हवं. असे लॉग वैयक्तिक पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरवू नका. डिस्क एन्क्रिप्ट ठेवा आणि काम संपलं की पुसा.

फाइल पुढे देताना सोबत एक पान द्या: टॅप कोणत्या लिंकवर होता, कोणत्या पोर्टला कोणती भूमिका होती, लॉगरची फर्मवेअर आवृत्ती, वापरलेले फिल्टर, टाइमबेस, ड्रॉप काउंटरचा शेवटचा आकडा, आणि कॉन्फिगरेशनची मूळ फाइल. लिंकवर मॅकसेक (तारेवरच्या फ्रेमचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तेही लिहा, कारण मग आतलं काहीच वाचता येणार नाही आणि विश्लेषण करणारा उगाच डिकोडरमध्ये दोष शोधत बसेल. टॅप काढून मूळ जोडणी परत लावल्यावर ईसीयूंमधले फॉल्ट कोड वाचा, टॅपमुळे आलेले पुसा आणि पुन्हा वाचा. ते स्वच्छ आले की गाडी पुढच्या टीमच्या ताब्यात द्या.